हरणाला बाण नेमका कोठे लागावा आणि पाते कोणते निवडावे?

रंकाळ्याकाठचा तिरंदाज (कोल्हापूर) यांची विचारणा

नमस्कार मंडळी,

गेली ११ वर्षे मी कम्पाउंड धनुष्याने ५० मीटरवर लक्ष्यवेध करतो आहे. शेजारच्या साताऱ्याच्या आदिती स्वामीने २०२३ साली बर्लिनला जागतिक सुवर्णपदक मिळवल्यापासून आमच्या मैदानावर मुलांची संख्या वाढली असून, रविवारी सकाळी त्यांना शिकवण्याचे कामही माझ्याकडे असते. या ऑक्टोबरमध्ये मी प्रथमच बहिणीकडे पेनसिल्व्हेनियाला जाणार आहे. दाजी तेथे दरवर्षी रीतसर परवाना काढून पांढऱ्या शेपटीच्या हरणांची धनुष्याने शिकार करतात आणि घरात वर्षभर तेच मटण असते. शिकारीच्या शिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण करून आणि परवाना काढून यंदा त्यांच्याबरोबर बसण्याची माझी इच्छा आहे.

गैरसमज नको म्हणून एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे आणि ती तशीच राहावी, असे मला मनापासून वाटते. दाजीपूरच्या जंगलात मी गवे पाहायला जातो, तेवढेच. तिकडे मात्र हरणांची संख्या इतकी वाढलेली आहे की जंगलातील कोवळी रोपे वर येऊ शकत नाहीत, त्यामुळे दर हंगामात किती हरणे मारू द्यायची याचे गणित तेथील शासनच ठरवते.

माझी भीती वेगळी आहे. मागच्या हंगामात दाजींच्या एका ओळखीच्या माणसाचा बाण हरणाच्या पोटात लागला. दोन दिवस शोधूनही ते सापडले नाही, आणि अखेर ओढ्याच्या काठी कावळ्यांवरून त्याचा पत्ता लागला. ही हकिकत ऐकल्यापासून माझ्या मनाला स्वस्थता नाही. जनावर मारायचे असेल तर ते काही क्षणांत आणि कमीत कमी वेदनेने मेले पाहिजे. त्याची खात्री देता येत नसेल तर मी मचाणावर चढणार नाही.

म्हणून दोन प्रश्न विचारतो. पहिला, बाण नेमका कोठे लागला पाहिजे आणि उभे राहण्याच्या कोणत्या स्थितीत तो सोडूच नये? दुसरा, बाणाच्या टोकाचे धारदार पाते स्थिर असावे की लागल्यावर उघडणारे? माझे धनुष्य ओढायला ५८ पाउंडांचा जोर लागतो. शिकारीसाठी म्हणून जुळवलेला ३९० ग्रेन (सुमारे २५ ग्रॅम) वजनाचा बाण त्यातून सेकंदाला सुमारे २६५ फूट वेगाने सुटतो. न्यू पॅलेसच्या संग्रहालयातील पेंढा भरलेल्या जनावरांसमोर मी परवा बराच वेळ उभा राहिलो, पण कातडीच्या आत काय कोठे आहे ते बाहेरून कसे ओळखावे, हे काही केल्या उमगले नाही.

करवीरचे पशुवैद्य यांचे उत्तर

आपला प्रश्न योग्य ठिकाणी सुरू होतो, कारण वर्म कोठे आहे हे ठाऊक नसताना पात्यांची चर्चा करण्यात अर्थ नाही. मी कधी शिकार केलेली नाही. परंतु ३० वर्षे शेळ्या, मेंढ्या आणि म्हशी तपासण्यात गेली आहेत, आणि हरीण हेही रवंथ करणारेच जनावर असल्यामुळे त्याच्या छातीची मांडणी शेळीहून फारशी निराळी नाही.

एखाद्या सकाळी ओळखीच्या खाटकाकडे जा आणि टांगलेले बोकड सोलताना नीट पाहा. तो फरा कसा काढतो इकडे लक्ष द्या. त्याला एकही हाड तोडावे लागत नाही. सुरी बरगड्यांवरून सरकवली की पुढचा पाय खांद्याच्या पात्यासकट सुटून हातात येतो. याचे कारण असे की या जनावरांत खांद्याचे हाड सांगाड्याला सांध्याने जोडलेले नसते, ते केवळ स्नायूंनी धरून ठेवलेले असते. म्हणूनच पाय पुढे पडला की ते हाड फिरते आणि पायामागची जागा मोकळी होते, आणि पाय मागे आला की तोच स्नायूंचा जाड थर छातीच्या पुढच्या भागावर येतो. जवळच्या बाजूचा पाय पुढे असेल तेव्हाच बाण सोडावा असे जाणते शिकारी सांगतात, त्यामागचे शरीरशास्त्र हे एवढेच आहे.

फरा निघाल्यावर छातीचा पिंजरा उघडा दिसतो. हृदय अगदी खाली, दोन्ही कोपरांच्या मधोमध असते. त्याच्या वर आणि मागे दोन्ही बाजूंनी फुप्फुसे पसरलेली असतात. खाटकाकडे दिसणारी फुप्फुसे हवा निघून गेल्यामुळे आक्रसलेली असतात. जिवंतपणी ती पिंजरा भरून टाकतात, त्यामुळे तेथील आकारावरून अंदाज बांधू नका. त्यांच्या मागे घुमटासारखे पुढे झुकलेले श्वासपटल असते आणि त्याला लागून यकृत, ज्याला मटणाच्या दुकानात आपण काळीज म्हणतो. डाव्या अंगाला पोटाचा मोठा कप्पा असतो. (बोकडाच्या काळजाला चिकटलेली पित्ताची पिशवी खाटीक जपून काढतो, हरणाला ती पिशवीच नसते.)

आता चुकांचे मोल पाहू. बाण दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेला तर छातीत रक्त भरते, बाहेरची हवा आत शिरून फुप्फुसे मिटतात, मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो आणि जनावर बहुधा १० ते १५ सेकंदांत शुद्ध हरपून कोसळते. तोच बाण वीतभर मागे लागला तर तो पोटात जातो. तेथे मोठ्या रक्तवाहिन्या कमी आणि आंबलेला चारा अधिक, त्यामुळे मृत्यू येतो तो तासा-तासांनी, पोटात विष भिनून. आपण सांगितलेल्या हरणाचे हेच झाले असणार.

वरच्या बाजूला आणखी एक फसवी जागा आहे. पाठीच्या रेषेलगतच खाली मणका असेल असे वाटते, पण खांद्यांजवळ मणक्यांना वर जाणारे लांब काटे असतात आणि मणका प्रत्यक्षात बराच खाली असतो. त्याच्या वरून गेलेला बाण केवळ मांस आणि काटे भेदतो. अशा वेळी हरीण धक्क्याने क्षणभर खाली बसते, शिकाऱ्याला वाटते काम झाले, आणि मग ते उठून निघून जाते.

म्हणून आडव्या उभ्या हरणावर पुढच्या पायाच्या मागच्या कडेने सरळ वर जाणारी रेषा मनात धरा आणि छातीच्या तळापासून एक तृतीयांश उंचीवर थांबा. त्या ठिकाणी दोन्ही फुप्फुसे आहेत आणि त्यांच्या खालच्या भागात हृदयातून निघणाऱ्या मोठ्या वाहिन्याही आहेत. थोडे वर गेले तरी फुप्फुस, थोडे खाली गेले तर हृदय.

सस्क्वेहानाकाठचा इचलकरंजीकर यांचे उत्तर

डॉक्टरसाहेबांनी जे लिहिले ते मला पहिल्या हंगामापूर्वी कोणी सांगितले असते तर फार बरे झाले असते. मी पेनसिल्व्हेनियात १४ हंगाम धनुष्याने शिकार केली आहे आणि त्यांतील एक हरीण मला कधीच सापडले नाही. ते समोरून येत होते, छाती माझ्याकडे होती, अंतर अवघे १५ यार्ड होते, आणि मी मोह आवरला नाही. बाण खांद्याच्या पुढच्या हाडाला घासून एका बाजूने निघून गेला. त्या दिवसापासून समोरून किंवा तिरपे माझ्या दिशेने उभे असलेल्या हरणावर मी धनुष्य ओढलेले नाही. पूर्ण पाठ फिरवून उभ्या असलेल्या हरणाचाही विचार करू नका.

राहिल्या दोन स्थिती: एक आडवी आणि दुसरी तिरकी, म्हणजे हरणाचे तोंड आपल्यापासून दूर वळलेले असते ती. दुसरी मला अधिक आवडते, कारण हरीण दुसरीकडे पाहत असते आणि बाणाला छातीत लांब वाट मिळते. मात्र त्या स्थितीत “पायामागे” हा नियम लावला तर बाण एकाच फुप्फुसातून जातो, आणि एका फुप्फुसावर हरीण कोसभरही जाऊ शकते. म्हणून बाण शिरण्याची जागा न ठरवता निघण्याची जागा आधी ठरवावी. पलीकडच्या पुढच्या पायाकडे नजर लावायची आणि तेथे पोहोचण्यासाठी बाण अलीकडच्या बाजूने कोठून शिरला पाहिजे ते पाहायचे. मग प्रवेश बरगड्यांच्या मागच्या भागातून झाला तरी चालतो. वळण इतके तीव्र असेल की बाण पोटातूनच शिरेल, तर थांबायचे.

अंतराविषयी तुम्हाला विशेष सांगावेसे वाटते, कारण लक्ष्यवेधी तिरंदाज येथेच फसतो. हरणाचे वर्म सुमारे २० सेंटिमीटर व्यासाचे असते. तुमच्या ८० सेंटिमीटरच्या लक्ष्यावर ९ गुणांचे वर्तुळ १६ सेंटिमीटरचे असते आणि तुम्ही ५० मीटरवर ते सहज साधत असाल. पण कागद दोरीचा आवाज ऐकत नाही. आवाज सेकंदाला सुमारे १,१०० फूट जातो आणि तुमचा बाण २६५ फूट. २० यार्डांवर बाणाला जेमतेम पाव सेकंद लागतो. ५० मीटरवर मात्र सेकंदाच्या सहा दशांशांहून अधिक, आणि आवाज त्याच्या कितीतरी आधी पोहोचलेला असतो. हरीण दचकले की उडी घेण्यासाठी प्रथम गुडघ्यांत वाकते, म्हणजे खाली जाते, आणि फुप्फुसांवर सोडलेला बाण पाठीवरून निघून जातो. पहिल्या हंगामात २५ यार्डांच्या पुढे जाऊ नका. हरीण कान टवकारून सावध उभे असेल तर २० यार्डांवरही सोडू नका.

आता पाते. गोळीसारखा धक्का बाणाने बसत नाही, बाण कापतो, म्हणून सर्वांत महत्त्वाची गोष्ट धार आहे. नवीन डब्यातले पातेही मी हातावरच्या केसांवर तपासून घेतो आणि सरावात वापरलेले पाते पुन्हा धार लावल्याशिवाय शिकारीला नेत नाही. बोथट पात्यापुढे रक्तवाहिनी बाजूला सरकते. धारदार पात्याने ती चिरली जाते आणि लवकर मिटत नाही.

तुमच्या बाणाची ऊर्जा सुमारे ६० फूट-पाउंड भरते आणि हरणासाठी ४० पुरेशी मानली जाते, त्यामुळे दोन्ही प्रकारची पाती तुम्हाला चालतील. तरीही पहिल्या वर्षी तीन पात्यांचे, १०० ग्रेनचे, सव्वा इंचाहून थोडे कमी रुंदीचे स्थिर ब्रॉडहेड (शिकारीच्या बाणाचे पात्यांचे टोक) घ्या, असे माझे मत आहे. पेनसिल्व्हेनियाच्या नियमानुसार रुंदी किमान सात अष्टमांश इंच असावी लागते, ती यात सहज पूर्ण होते. सव्वा इंचाच्या आतल्या या तीन पात्यांनी मिळून होणारा काप सुमारे ४३ मिलिमीटरचा असतो, तर तेवढ्याच रुंदीच्या दोन पात्यांचा २८ मिलिमीटरचा. दोन पात्यांचे ब्रॉडहेड खोल अधिक जाते, म्हणून हलक्या धनुष्यासाठी ते उत्तम. तुम्हाला त्याची गरज नाही. स्थिर पात्यात उघडण्या-मिटण्याचा भागच नसल्यामुळे बिघडण्यासारखे काही नाही आणि बाणाची ताकद पाते उघडण्यात खर्च होत नाही.

एक अडचण मात्र नक्की येईल. सरावाच्या टोकाने एकाच ठिकाणी लागणारे बाण ब्रॉडहेड लावल्यावर चार बोटे बाजूला जाऊ लागतील, कारण पुढची पाती पिसांसारखीच हवा कापतात आणि धनुष्यातली बारीकशी चूकही मोठी करून दाखवतात. त्या वेळी धनुष्यावरची नेम धरण्याची खूण हलवू नका, बाण ठेवण्याचा आधार हलवा. ब्रॉडहेड डावीकडे जात असेल तर आधार किंचित उजवीकडे, एका वेळी अर्धा मिलिमीटर, असे करत दोन्ही बाण एकत्र येईपर्यंत धीर धरा. प्रत्येक बाण टोकावर उभा करून फिरवून पाहा. पाते डुगडुगले तर तो बाण भात्यात ठेवू नका.

एरी सरोवराकाठची पाटीलबाई (ओहायो) यांचे उत्तर

वरील सल्ल्यातील एका मुद्द्याला माझा सौम्य विरोध आहे. मी सहा हंगाम उघडणारी पाती वापरते आहे. ती हवेत सरावाच्या टोकासारखीच जातात आणि हरणाला लागल्यावर दोन इंच रुंद उघडतात. जखम मोठी होते आणि रक्ताचा माग चालत्या पावली काढता येतो. तिरंदाजाचा हात पक्का असेल, पण धनुष्य जुळवायला वेळ नसेल, तर स्थिर पाते चुकीच्या जागी लागण्यापेक्षा उघडणारे पाते योग्य जागी लागलेले बरे नव्हे का? रंकाळ्याकाठचे दादा ऑक्टोबरात पोहोचणार आणि त्याच आठवड्यात मचाणावर बसणार, हेही लक्षात घ्यावे. त्यांनी कोल्हापुरातच ब्रॉडहेडने सराव केला तर माझी हरकत मागे घेते. पेनसिल्व्हेनियात उघडणारी पाती चालतात.

सस्क्वेहानाकाठचा इचलकरंजीकर

ताईंचे म्हणणे मला मान्य आहे, एका अटीवर. उघडणारे पाते तिरक्या कोनातून बरगडीवर आदळले किंवा खांद्याच्या हाडात गेले तर खोली कमी पडते, आणि बाण आरपार न जाता आतच राहतो. आरपार जाणे मला फार महत्त्वाचे वाटते. मचाणावरून सोडलेला बाण उंचावरून शिरतो. खालून बाहेर पडणारे दुसरे भोक नसेल तर रक्त छातीतच साठत राहते आणि जमिनीवर थेंबही पडत नाही. हरीण ८० यार्डांवर मरून पडलेले असते आणि शिकारी पानांत हात घालत बसतो. तेव्हा उघडणारे पाते घ्यायचेच असेल तर दीड इंचाचे घ्यावे, दोन इंचांचे नव्हे, आणि बाण थोडा जड, ४२० ते ४५० ग्रेनचा, करावा.

रंकाळ्याकाठचा तिरंदाज (कोल्हापूर)

सर्वांचे मनापासून आभार. काल पहाटे मी खाटकाकडे जाऊन फरा निघताना पाहिला. डॉक्टरसाहेब, आपण लिहिले ते अक्षरशः तसेच आहे. खाटकाने छातीवर हात ठेवून हृदयाची जागा दाखवली, तेव्हा ती मी समजत होतो त्याहून चार बोटे खाली निघाली. आजवर खांद्यामागे म्हणून मी मनातल्या मनात छातीच्या बरोबर मधोमध नेम धरत होतो.

स्थिर पाती मागवली आहेत आणि मैदानावर मुले नसतील तेव्हाच, फोमच्या ठोकळ्यावर, त्यांचा सराव करणार आहे. एकच शंका उरली. दाजींचे मचाण १८ फुटांवर आहे. इतक्या वरून नेम बदलतो का?

सस्क्वेहानाकाठचा इचलकरंजीकर

बदलतो, पण लोक समजतात तितका नाही. उंचीमुळे फुप्फुसे एकमेकांच्या मागे न राहता वरखाली सरकल्यासारखी दिसतात, म्हणून हरीण अगदी बुंध्याशी आले असेल तर बाण एकाच फुप्फुसातून जाण्याचा धोका वाढतो. अशा वेळी ते १५ ते २० यार्ड दूर जाईपर्यंत थांबा. नेम धरताना बाण पलीकडून कोठे निघेल हेच पाहा. प्रवेश थोडा वर आणि निर्गम पलीकडच्या कोपराजवळ, अशी रेषा यायला हवी. हात खाली झुकवून नेम धरू नका, कमरेत वाका, नाहीतर खांद्यांची ठेवण मोडते आणि बाण वर जातो. दाजींच्या परसात शिडीवर उभे राहून याचा सराव करता येईल. जमिनीवरून पाय उचलल्यापासून परत टेकेपर्यंत सुरक्षेचा पट्टा अंगावर हवा. हरणापेक्षा मचाणच येथे अधिक माणसे जायबंदी करते.

बाण लागल्यानंतरचे आधीच मनात पक्के करून ठेवा, कारण त्या क्षणी हात थरथरत असतात. हरीण शेवटचे कोणत्या झाडाजवळ दिसले ते लक्षात ठेवून खाली न उतरता बसून राहा. मग बाण शोधा. त्यावर फिकट लाल, फेसाळ रक्त असेल तर फुप्फुस. अर्ध्या तासाने निघा, बहुधा ते १०० यार्डांच्या आत सापडेल. रक्त गडद, काळपट असेल तर यकृत. किमान चार तास थांबा. हिरवट घाण आणि दुर्गंधी असेल तर पोट, आणि मग ८ ते १२ तास मागे जाऊ नका. उठवले नाही तर ते २०० यार्डांत कोठेतरी बसते आणि तेथेच मरते. घाईने पाठलाग केला तर ते उठून मैल-दीड मैल जाते. दाजींच्या ओळखीच्या माणसाने त्या संध्याकाळी लगेच मागे धाव घेतली होती का, हे एकदा विचारून पाहा. पट्ट्याला बांधलेल्या माग काढणाऱ्या कुत्र्याची मदत घेणे पेनसिल्व्हेनियात कायदेशीर आहे. अशा एखाद्या माणसाचा क्रमांक दाजींकडून आधीच मिळवून ठेवा.

रंकाळ्याकाठचा तिरंदाज (कोल्हापूर)

दाजींना रात्री फोन करून विचारले. तो गृहस्थ वीस मिनिटांत मचाणावरून उतरला होता, हातात विजेरी होती, आणि हरीण त्याच्यासमोरून तीनदा उठले होते. कुत्रा पाळणाऱ्या माणसाचा क्रमांक दाजींनी आजच लिहून ठेवला आहे.